झाडात भर घाला, फाइल लहान करा!

लॅपटॉपवर सहा सेमिस्टरचे सहा फोल्डर करा. प्रत्येकात पाच विषय आणि प्रत्येक विषयात तीन फोल्डर : नोट्स, असाइनमेंट, जुने पेपर. सगळ्यात वरचा मुख्य फोल्डर धरून किती झाले? 127. नावं तूर्त विसरा, आपल्याला फक्त आकार हवाय. डेटा स्ट्रक्चर्स शिकलेल्यांनी ओळखलं असेलच, हा झाला 'ट्री'.

आता हा ट्री मित्राला फोनवर सांगायचाय. 127 फोल्डर वाचून दाखवाल? छे! ''सहा सेम, प्रत्येकी पाच विषय, प्रत्येकी तीन फोल्डर,'' विषय संपला. कम्प्युटरही हेच करू शकतो. सारख्या आकाराचा सबट्री एकदाच साठवायचा आणि पुढे 'तोच, इतक्या वेळा' एवढंच नोंदवायचं. 127 नोडचं काम 4 नोडमध्ये होतं आणि हरवत काहीच नाही.

पण समजा, चौथ्या सेमच्या एका विषयात जुन्या पेपरांचा फोल्डर नाहीये. फोल्डर कमी झाले, 126. साठवायला मात्र आता 6 नोड लागतात! तो विषय इतरांपेक्षा वेगळा, म्हणून ते अख्खं सेमही वेगळं. खऱ्या डेटात अशा फटी ढिगाने असतात. मग बचत कसली?

यावरचा उपाय मला भलताच आवडला : फट बुजवून टाका. एक फोल्डर आहे असं धरलं की परत 4 नोड. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो पाठवताना बारकावे उडतात, तसंच हेही 'अंदाजे' कॉम्प्रेशन. फक्त इथे उडवण्याऐवजी भर घातली जाते.

ख्रिस्तोफ गोदँ आणि पास्काल फेरारो या फ्रान्समधल्या संशोधकांनी 2010 साली हे खऱ्याखुऱ्या झाडांवर वापरलं. ज्या ट्रीमध्ये एका उंचीचे सगळे सबट्री हुबेहूब सारखे असतात, त्याला ते 'सेल्फ-नेस्टेड' म्हणतात. दिलेल्या ट्रीमध्ये कमीत कमी भर घालून असा ट्री कसा मिळवायचा, याची रीत त्यांनी दिली. आधी कम्प्युटरवर झाडं तयार केली, मग त्यांच्या फांद्यांच्या रचनेत मुद्दाम गडबड केली. कॉम्प्रेस केल्यावर काय मिळालं? गडबडीआधीचं मूळ झाड, कधी पूर्ण तर कधी अर्धंमुर्धं! नंतर पाळी आली भाताच्या लोंबीची. तिची एकूण एक शाखा-उपशाखा मोजलेली होती. त्या लोंबीच्या सगळ्यात जवळचा सेल्फ-नेस्टेड ट्री काढला, तर त्याचा अर्थ रोपाच्या वाढीच्या भाषेत लावता आला.

म्हणजे जागा वाचवायला निघाले आणि रोपाच्या वाढीबद्दल काहीतरी हाती लागलं. सबमिशनच्या गडबडीत 'कॉम्प्रेशन म्हणजे फाइल लहान करणं' असं लिहून मोकळे होणाऱ्यांनी इथे जरा थांबावं.

अर्थात, यात एक मोठी गोची आहे. कमी असलेली फांदी ही निव्वळ गडबड आहे की किडीने खाल्लेली, हे कॉम्प्रेशनला कळत नाही. ते दोन्ही फटी सारख्याच इमानदारीने बुजवतं. पिकाचा रोग शोधणाऱ्याला तर नेमकी ती फटच हवी असते! म्हणून कुठे किती भर घातली, याची यादी बाजूला ठेवायची. यादी जोडली की मूळ ट्री जसाच्या तसा परत मिळतो. आपल्या फोल्डरांच्या बाबतीत त्या यादीत एकच ओळ असेल : चौथं सेम, त्यातला तो विषय, एक फोल्डर जास्तीचा.