कृत्रिम निचरा आणि शेतजमिनीचे कालानुसारी परिवर्तन

शेतातील अतिरिक्त पाणी उघडे चर खणून अथवा जमिनीखाली सच्छिद्र नळ घालून काढून टाकणे, यास कृत्रिम निचरा म्हणतात. त्याचा तात्कालिक हेतू पिकाच्या मुळांना हवा मिळावी, एवढाच असतो. परंतु नळ बसविल्यानंतर जमिनीत जे फेरफार सुरू होतात, ते अनेक दशके चालू राहतात. आणि ते हितकारक ठरतील की विघातक, हे मुख्यतः ती जमीन कोणत्या द्रव्यांची बनलेली आहे यावर अवलंबून असते.

या फेरफारांचे मूळ हवेच्या प्रवेशात आहे. हवेच्या मानाने पाण्यातून प्राणवायूचे विसरण सुमारे दहा हजार पटींनी मंद होते. म्हणून पाणथळ जमिनीतील जीवाणू प्राणवायूऐवजी नायट्रेट, मँगनीज व लोह यांच्या संयुगांचा उपयोग करतात आणि सेंद्रिय द्रव्याचे विघटन मंदावते. भूजलपातळी उतरली की हा क्रम उलटतो. करड्या-निळसर मातीत तांबूस-तपकिरी डाग उमटू लागतात. लोहाचे ऑक्सिडीकरण होत असल्याची ती खूण होय.

हवेच्या या प्रवेशाचा सर्वांत तीव्र परिणाम पीट जमिनीत आढळतो. पीट म्हणजे पाण्याखाली साचलेले, अर्धवट कुजलेले वनस्पतिद्रव्य. पूर्व इंग्लंडमधील फेन्स प्रदेशातील व्हिट्लसी मियर हे सरोवर 1851 मध्ये कोरडे करण्यात आले. त्या सुमारास नजीकच्या होम फेन येथे एक लोखंडी खांब पीटमधून खालच्या चिकणमातीपर्यंत उभा करून त्याचे टोक भूपृष्ठाशी समपातळीत ठेवले होते. आज ते टोक भूपृष्ठाच्या सुमारे 4 मीटर वर आहे. प्रारंभीची घट जलद होती. पाण्याचा आधार गेल्याने पीट स्वतःच्या भाराने दबले व वाळून आकसले. नंतरची घट मंद, पण अखंड असते. कारण तीत ऑक्सिडीकरणाने पीटच कार्बन डायऑक्साइडच्या रूपाने नष्ट होते. भूपृष्ठ खचले की चर उथळ पडतात. ते अधिक खोल केले की नवे पीट हवेच्या संपर्कात येते. अशा जमिनीत निचरा ज्या मातीच्या उपयोगासाठी केला, तीच माती क्रमशः संपविली जाते.

खनिज चिकणमातीची गोष्ट निराळी आहे. नेदर्लंड्समध्ये आयसेलमीर सरोवरातून 1957 मध्ये मोकळ्या झालेल्या पूर्व फ्लेव्होलँडची भूमी आरंभी पातळ चिखलाची होती. तेथे विमानातून पाणगवताचे बी पेरण्यात आले. गवताच्या मुळांनी पाणी शोषले, चिखल आकसला व त्यास भेगा पडल्या. पुन्हा ओल आली तरी या भेगा पूर्णपणे मिटत नाहीत. त्यांतूनच पुढे पाणी वाहते, हवा शिरते व मुळे खोल जातात. येथेही भूपृष्ठ खचते, परंतु मातीचे मुख्य द्रव्य शिल्लक राहते व तिला रचना लाभते. मृदाशास्त्रज्ञ या प्रक्रियेस मातीचे परिपक्वन म्हणतात.

दख्खनच्या कालव्यांखालील काळ्या जमिनींत प्रश्न क्षारांचा आहे. नीरा खोऱ्यासारख्या प्रदेशांत बारमाही सिंचनामुळे भूजल वर आले, बाष्पीभवनाने क्षार पृष्ठभागी साचले आणि काही जमिनी खारवट, तर काही चोपण झाल्या. खारवट जमिनीतील विद्राव्य क्षार निचऱ्याबरोबर धुऊन जातात. चोपण जमिनीत मात्र मातीच्या कणांना सोडियम चिकटलेले असते. तेथे केवळ गोड पाणी सोडल्यास द्रावणाची तीव्रता घटते, कण फुगून विखुरतात व छिद्रे बुजतात. नळ चांगले असूनही पाणी त्यांच्यापर्यंत पोहोचत नाही. काळ्या जमिनीत चुनखडी पुष्कळ असली, तरी ती फार अल्प विरघळते. म्हणून जिप्समसारख्या द्रव्यातून कॅल्शियम पुरवून सोडियमची जागा घ्यावी लागते. सुटलेला सोडियम वाहून जाण्यास मात्र निचरा हवाच. सिंचनाचे पाणी बेताने न वापरल्यास ही सुधारणा टिकत नाही. शिवाय बाहेर पडलेले क्षारयुक्त पाणी ओढ्या-नद्यांत जाऊन खालच्या शेतकऱ्याच्या वाट्यास येते, याचाही हिशेब योजनेत धरणे अगत्याचे आहे.

या तीन उदाहरणांत पाणी काढण्याची क्रिया एकच आहे. फल मात्र एका ठिकाणी क्षय, दुसऱ्या ठिकाणी परिपक्वन आणि तिसऱ्या ठिकाणी सशर्त सुधारणा असे मिळते. यास्तव नळांची खोली व अंतर ठरविण्यापूर्वी मातीतील सेंद्रिय द्रव्य, चिकणमातीचे स्वरूप व विनिमयक्षम सोडियम यांचे मापन झाले पाहिजे. त्यानंतरही भूजलपातळी, क्षारता आणि भूपृष्ठाची उंची यांच्या नोंदी वर्षानुवर्षे ठेवणे आवश्यक आहे. होम फेनच्या खांबाचे मोल अशाच दीर्घकालीन नोंदीत आहे. पहिल्या काही हंगामांच्या भरघोस पिकावरून तेथील जमिनीची ही हानी कोणासही ओळखता आली नसती.