टिश्यू कल्चरची खरी जागा बेणेमळ्यात

ऊस हे बांबूसारखेच एक थोराड गवत. त्याला तुरा येतो, बीही धरते. पण बियांपासून उगवलेले प्रत्येक रोप वेगळ्या गुणांचे निघते, म्हणून बी उपयोगी पडते ते नवे वाण काढणाऱ्यांनाच. शेतकरी लावतो ती टिपरी, आणि टिपरीबरोबर मागच्या पिकाचे रोगही नव्या सरीत उतरतात. गवताळ वाढीचा फायटोप्लाझ्मा, खोडवा खुजा करणारा जिवाणू, मोझॅकचा विषाणू हे सारे बेण्यातून पसरतात. ‘वाण उतरला’ या तक्रारीमागे पुष्कळदा हे साचलेले रोगच असतात. तेव्हा टिश्यू कल्चरचे रोप म्हणजे उत्पन्नाची जादू नव्हे, ते बेणे निर्मळ करून घेण्याचे साधन आहे. वाढ्याच्या गाभ्यातला, मिलिमीटरहूनही लहान शेंडा काढतात. तिथवर रसवाहिन्या पोचलेल्या नसतात, त्यामुळे विषाणूही सहसा पोचत नाहीत. क्षार, साखर आणि संप्रेरकांच्या निर्जंतुक माध्यमात त्याला फुटवे येतात, ते सुटे करून पुन्हा वाढवतात, आणि मुळे धरली की रोपे शेडनेटमध्ये कणखर करतात. पुण्याजवळ मांजरीची वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट हेच काम करते.

रोप महाग पडते, हा आक्षेप खरा आहे. हेक्टरी सुमारे 25 हजार दोन डोळ्यांच्या टिपऱ्या लागतात. तेवढ्या क्षेत्रावर सगळी रोपेच लावायची म्हटली तर हिशेब जुळणे कठीण. पण रोपे फक्त बेणेमळ्यात, म्हणजे बेण्यासाठी राखलेल्या मळ्यात लावली, तर त्यातून साधारण दहापट क्षेत्राचे बेणे मिळते, पुढच्या फेरीत शंभरपट, आणि खर्च तेवढ्यावर वाटला जातो. मग 54 अंशांच्या बाष्पयुक्त गरम हवेची स्वस्त प्रक्रिया का पुरू नये? ती गवताळ वाढीवर आणि खुज्या खोडव्यावर चालते, मोझॅकवर मात्र तिचा भरवसा नाही. रोपे मूळ वाणाहून वेगळी निघतात, ही भीतीही निराधार नाही. कॅलस, म्हणजे पेशींचा आकारहीन गोळा, वाढवून केलेल्या रोपांत असे बदल हवाईतल्या संशोधकांना 1960च्या दशकातच दिसले होते. म्हणून तर बेण्यासाठी कॅलस टाळून थेट शेंडा घेतात आणि फुटवे सुटे करण्याच्या फेऱ्याही मोजक्याच ठेवतात. सगळीकडे एकच वाण होईल, या आक्षेपात मात्र फारसा दम नाही. टिपरीसुद्धा मूळ उसाची नक्कलच. को 86032 हा वाण महाराष्ट्रभर पसरला तो काही टिश्यू कल्चरमुळे नव्हे.

निर्मळ रोप कायमचे निर्मळ राहत नाही, हे मात्र विक्रेते क्वचितच सांगतात. मावा मोझॅक पुन्हा आणतो, तोडणीचा कोयता खुज्या खोडव्याचा जिवाणू एका बेटातून दुसऱ्यात नेतो. त्यामुळे रोगट बेटे दिसताच उपटणे, कोयता निर्जंतुक करणे आणि काही वर्षांनी बेणेमळाच नव्या रोपांवर उभा करणे, हा खर्च रोपांच्या किमतीत आधीच धरावा लागतो.