मुक्तस्रोत आज्ञावली आणि कायद्याचे संरक्षण

सिन्नर तालुक्यात देवनदीवर जुने वळण-बंधारे आहेत. त्यांच्या पाटांचे पाणी बाजारात विकले जात नाही. पाळीने ते शेतकऱ्यांत वाटले जाते. म्हणून कोणी रात्रीतून पाट फोडून सारे पाणी आपल्या मळ्यात वळविले, तर ‘पाण्याला किंमतच नव्हती’ हा त्याचा बचाव गावात कोणी ऐकून घेणार नाही. किंमत नसणे वेगळे आणि नियम नसणे वेगळे. संगणकाच्या आज्ञावल्यांच्या बाबतीत मात्र हा साधा भेद सुशिक्षितांच्याही ध्यानात येत नाही.

ओपन सोर्स म्हणजे मुक्तस्रोत आज्ञावली. तिचा कर्ता मूळ संहिता सर्वांपुढे उघडी ठेवतो. कोणीही ती वापरावी, बदलावी, पुढे द्यावी. तो मोबदला मागत नाही, पण परवान्यात अटी घालतो. कर्त्याचे नाव राखावे, परवान्याचा मजकूर सोबत द्यावा. आणि ‘जीपीएल’सारख्या परवान्यात तर सुधारलेली प्रत इतरांना दिल्यास तिची संहिताही त्याच अटींवर खुली करावी. म्हणजे कर्त्याने हक्क सोडलेला नसतो. त्या हक्काच्या बळावरच ही सारी वाटणी उभी असते.

अटी मोडल्या तर काय, या प्रश्नाचा कस अमेरिकेतील एका खटल्यात लागला. आगगाडीच्या छोट्या प्रतिकृती चालविणारी मुक्त आज्ञावली रॉबर्ट जेकबसेन हे भौतिकशास्त्राचे प्राध्यापक सहकाऱ्यांसह तयार करीत. एका व्यावसायिकाने तिच्यातील फायली कर्त्यांची नावे आणि हक्काची नोंद वगळून आपल्या उत्पादनात घेतल्या. खालच्या न्यायालयाने हा फार तर करारभंग ठरवून मनाई हुकूम नाकारला. 2008 साली अपील न्यायालयाने ते मत फिरविले. परवान्यातील अटी या परवानगीच्याच मर्यादा आहेत, त्या ओलांडणे हा स्वामित्वहक्काचा भंग होय. आणि पैशांची देवघेव नाही म्हणून आर्थिक हितच नाही, असे गृहीत धरता येत नाही. 2010 मध्ये एक लाख डॉलरवर तडजोड झाली.

आपल्याकडे 1957 च्या कॉपीराइट कायद्यानुसार आज्ञावली ही वाङ्मयकृतीच आहे. कलम 55 खाली मनाई हुकूम, नुकसानभरपाई आणि नफ्याचा हिशेब असे दिवाणी उपाय मिळतात. यांपैकी भरपाईवर फार भिस्त ठेवणे अर्थशास्त्राच्या दृष्टीने भाबडेपणाचे आहे. जी वस्तू विकलीच नाही तिची बुडालेली विक्री कशी मोजणार? खरे शस्त्र मनाई हुकुमाचे. तयार माल गोदामात अडकून पडणार, ही धास्ती कोणत्याही कारखानदाराला भरपाईच्या आकड्याहून अधिक जाचते. नफ्याचा हिशेब मागितला की चोराच्याच खातेवह्या पुरावा होतात, हेही काही कमी नाही.

मात्र याच कलमात प्रतिवादीला एक पळवाट आहे. हक्क अस्तित्वात असल्याची जाणीव नव्हती आणि तसे मानण्यास सबळ कारणही नव्हते, हे त्याने सिद्ध केले, तर त्याच्याविरुद्ध मनाई हुकूम व नफ्यातील वाटा एवढेच मागता येते. म्हणून प्रत्येक फाइलच्या माथ्यावरील नाव, साल व अटींची ओळ ही केवळ शोभेची नव्हे. ती जाणूनबुजून खोडणे हा 2012 च्या दुरुस्तीने आलेल्या कलम 65-ब खाली स्वतंत्र गुन्हाही ठरू शकतो. शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैद व दंड.

दावा लावण्यासाठी कर्त्याने प्रतिवादीच्या शहरी खेटे घालण्याचेही कारण नाही. कलम 62 मुळे वादी जेथे राहतो किंवा व्यवसाय करतो तेथील जिल्हा न्यायालयात दाद मागता येते. मुसळगाव वा माळेगावच्या वसाहतीत नोकरी करून रात्री आज्ञावली लिहिणाऱ्या सिन्नरच्या तरुणाला नाशिकचे न्यायालय जवळ आहे.

एका जागी मात्र आपला कायदा मुक्त परवान्यांशी जुळत नाही. कलम 19 चे नियम कलम 30-अ मुळे परवान्यांनाही लागू होतात. परवान्यात मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षे, आणि प्रदेश लिहिलेला नसेल तर भारतापुरताच, असे हे कलम मानते. कित्येक जुने परवाने मुदतीबाबत मौन बाळगतात. वापरणारा सहाव्या वर्षी अकारण आरोपी ठरू नये, यासाठी संसदेने हे कलम मुक्त परवान्यांपुरते शिथिल करावे. तोवर आपल्या कर्त्यांनी परवान्यात ‘स्वामित्वहक्काच्या संपूर्ण मुदतीसाठी, सर्व देशांत’ एवढे शब्द घालण्यास विसरू नये.