न्यायाधीशाची असमर्थता व पदच्युती

दीर्घकालीन शारीरिक वा मानसिक व्याधीमुळे न्यायदानाचे कर्तव्य पार पाडण्यास जो न्यायाधीश कायमचा अक्षम झाला आहे, त्यास पदावरून दूर करण्याची विधिमान्य पद्धती. गैरवर्तनामुळे होणाऱ्या पदच्युतीहून ती तत्त्वतः भिन्न आहे. गैरवर्तनात दोष असतो व पदच्युती ही त्याची शिक्षा ठरते. आजारात दोष कोणाचाच नसतो. तथापि न्यायाधीश विकल झाला, तर पक्षकारांचे दावे तुंबतात, पुराव्याचे आकलन अधुरे राहते आणि निर्णयावरील लोकांचा विश्वास ढळतो. उलटपक्षी ‘प्रकृती बरी नाही’ एवढ्याच सबबीवर न्यायाधीशास काढता येऊ लागले, तर शासनास नकोशा असलेल्या न्यायाधीशास घालविण्याचे ते सोपे साधन होईल. पदाची शाश्वती हा न्यायालयीन स्वातंत्र्याचा पाया असल्यामुळे असमर्थता कोणी ठरवावी व कोणत्या पुराव्यावर ठरवावी, हाच या विषयातील मूळ प्रश्न आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी : इंग्लंडमध्ये १७०१ च्या उत्तराधिकार अधिनियमाने न्यायाधीशांना राजाच्या मर्जीऐवजी सद्वर्तन असेतोपर्यंत पदावर राहण्याचा हक्क दिला. संसदेच्या दोन्ही सभागृहांनी समावेदन सादर केल्यासच त्यांना दूर करता येई. आजारी न्यायाधीशासाठी त्यात वेगळी तरतूद नव्हती. अमेरिकेच्या संविधानानेही सद्वर्तनाचे तत्त्व स्वीकारले व पदच्युतीसाठी महाभियोगाचा एकमेव मार्ग ठेवला.

या उणिवेचा प्रत्यय जॉन पिकरिंग यांच्या प्रकरणात आला. न्यू हॅम्पशरचे जिल्हा न्यायाधीश म्हणून १७९५ मध्ये नेमणूक झालेले पिकरिंग पुढे मनोविकाराने व मद्यपानाने ग्रासले. १८०१ च्या एका अधिनियमान्वये त्यांचे काम दुसऱ्या न्यायाधीशाकडे सोपविण्यात आले परंतु पुढील वर्षी तो अधिनियमच निरसित झाल्याने ते पुन्हा न्यायासनावर आले. १८०३ मध्ये प्रतिनिधिगृहाने त्यांच्यावर महाभियोग दाखल केला. पिकरिंग स्वतः सीनेटपुढे आले नाहीत. आपले वडील वेडाने ग्रस्त असल्याचा अर्ज त्यांच्या मुलाने केला. त्यातून पेच उभा राहिला : भ्रमिष्ट मनुष्य गुन्ह्याचा उद्देश बाळगू शकत नाही, म्हणून तो निर्दोष, पण त्यास निर्दोष ठरविले, तर तो न्यायासनावर कायम राहणार. १२ मार्च १८०४ रोजी सीनेटने १९ विरुद्ध ७ मतांनी त्यांना दोषी ठरविले व पदच्युत केले. ज्यास उपचाराची गरज होती, त्यास अपराधी ठरवूनच दूर करावे लागले.

निवृत्तिवेतनाचा प्रश्नही याच्याशी निगडित आहे. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती वॉर्ड हंट यांना १८७९ च्या जानेवारीत पक्षाघात झाला व त्यांचे काम थांबले. १८६९ च्या अधिनियमान्वये निवृत्तिवेतनासाठी ७० वर्षे वय व १० वर्षे सेवा आवश्यक होती. सेवेची अट पुरी होत नसल्याने हंट यांनी राजीनामा दिला नाही व ती जागा तीन वर्षे अडून राहिली. अखेर १८८२ च्या जानेवारीत काँग्रेसने केवळ त्यांच्यासाठी विशेष अधिनियम संमत केला, तेव्हा ते निवृत्त झाले. पुढे न्यायमूर्ती विल्यम डग्लस यांना ३१ डिसेंबर १९७४ रोजी पक्षाघाताचा झटका आला. तरीही ते १२ नोव्हेंबर १९७५ पर्यंत पदावर होते. या काळात त्यांचे मत निर्णायक ठरेल अशा प्रकरणांचा निकाल न देण्याचे त्यांच्या बहुतेक सहकाऱ्यांनी आपसांत ठरविले होते.

आधुनिक पद्धती : विसाव्या शतकात असमर्थतेचा विचार गैरवर्तनापासून अलग होऊ लागला. अमेरिकेच्या संघीय विधीनुसार कायम विकलता आलेल्या न्यायाधीशास स्वेच्छेने निवृत्त होता येते. त्याची सेवा १० वर्षे झाली असल्यास पूर्ण व कमी झाली असल्यास निम्मे वेतन मिळते. तो निवृत्त न झाल्यास विभागीय न्यायिक परिषदेच्या बहुसंख्य सदस्यांच्या प्रमाणपत्रावरून राष्ट्राध्यक्ष सीनेटच्या संमतीने एका अतिरिक्त न्यायाधीशाची नेमणूक करू शकतात. मूळ न्यायाधीशाचे पद जात नाही, मात्र त्यास ज्येष्ठतेत कनिष्ठ मानले जाते. घटक राज्यांपैकी कॅलिफोर्नियाने १९६० मध्ये स्वतंत्र आयोग स्थापून या कामासाठी कायमस्वरूपी यंत्रणा उभारली.

इंग्लंडमध्ये १९७३ च्या व पुढे १९८१ च्या अधिनियमाने वरिष्ठ न्यायाधीशांबाबत वेगळा मार्ग काढला. न्यायाधीश कायमच्या विकलतेमुळे काम करण्यास असमर्थ आहे व राजीनामा देण्याच्याही स्थितीत नाही, अशी वैद्यकीय प्रमाणपत्रावरून खात्री पटल्यास लॉर्ड चॅन्सेलर ते पद रिक्त झाल्याचे घोषित करू शकतात. त्यास संबंधित वरिष्ठ न्यायाधीशांची सहमती लागते. यातील दुसरी अट महत्त्वाची आहे. शुद्धीवर असलेल्या व राजीनामा देण्यास नकार देणाऱ्या न्यायाधीशास हा मार्ग लागू होत नाही. शासनाच्या हाती त्याविरुद्ध शस्त्र राहू नये, हा त्यामागील हेतू होय. सर्किट न्यायाधीशांचे संरक्षण मात्र याहून कमी आहे. संयुक्त राष्ट्रांच्या १९८५ मधील मूलतत्त्वांनीही असमर्थता अथवा पदास अपात्र ठरविणारे वर्तन या दोनच कारणांवरून न्यायाधीशास निलंबित वा दूर करता येईल, असे म्हटले आहे.

भारत : १९३५ च्या भारत शासन अधिनियमात गैरवर्तन अथवा शरीर वा मन यांची दुर्बलता ही पदच्युतीची कारणे होती व त्यासाठी प्रिव्ही कौन्सिलच्या न्यायिक समितीचा अनुकूल अहवाल आवश्यक होता. भारतीय संविधानाच्या १२४ (४) व २१७ या अनुच्छेदांनी सर्वोच्च व उच्च न्यायालयांच्या न्यायाधीशांसाठी ‘शाबीत झालेले गैरवर्तन अथवा असमर्थता’ ही कारणे निश्चित केली. संसदेच्या प्रत्येक सभागृहाने एकूण सदस्यसंख्येच्या बहुमताने आणि उपस्थित राहून मतदान करणाऱ्यांपैकी किमान दोनतृतीयांश मताधिक्याने समावेदन संमत करावे व ते त्याच अधिवेशनात राष्ट्रपतींना सादर व्हावे लागते.

चौकशीची पद्धत न्यायाधीश (चौकशी) अधिनियम, १९६८ मध्ये दिली आहे. लोकसभेच्या किमान १०० अथवा राज्यसभेच्या किमान ५० सदस्यांच्या सह्यांची सूचना दाखल करून घेतल्यास त्रिसदस्य समिती नेमली जाते. तीत सर्वोच्च न्यायालयाचे एक न्यायाधीश, एका उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती व एक नामवंत विधिज्ञ असतात. असमर्थतेचा आरोप न्यायाधीशाने नाकारल्यास लोकसभेचे अध्यक्ष वा राज्यसभेचे सभापती अथवा दोघे मिळून नेमतील त्या वैद्यकीय मंडळाकडून समिती तपासणी करवून घेऊ शकते. विकलतेमुळे तो पदावर राहण्यास अपात्र ठरतो किंवा कसे, हे मंडळाने कळवावयाचे असते. न्यायाधीशाने तपासणीस नकार दिल्यास आरोपित असमर्थता आहे, असे समिती गृहीत धरू शकते. समितीचा निष्कर्ष न्यायाधीशास अनुकूल असल्यास पुढील कार्यवाही संपते. तो प्रतिकूल असला, तरी अंतिम निर्णय संसदेचाच असतो.

असमर्थतेच्या कारणावरून भारतात वरिष्ठ न्यायालयाच्या एकाही न्यायाधीशास या मार्गाने दूर करण्यात आलेले नाही. मे २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अवमान प्रकरणात कलकत्ता उच्च न्यायालयाच्या एका विद्यमान न्यायाधीशाच्या वैद्यकीय तपासणीचा आदेश दिला व त्यांनी आपली प्रकृती उत्तम असल्याचे सांगून ती नाकारली. हा आदेश १९६८ च्या अधिनियमाखालील नव्हता. व्यवहारात आजारी न्यायाधीशाने राष्ट्रपतींकडे राजीनामा पाठविणे हाच मार्ग अपेक्षित आहे. त्यास पूरक म्हणून उच्च न्यायालयाच्या न्यायाधीशांसंबंधीच्या १९५४ च्या अधिनियमाने, प्रकृतीच्या कारणास्तव निवृत्ती आवश्यक असल्याचे वैद्यकीय प्रमाणपत्र असल्यास, एरवी लागणारी १२ वर्षांच्या सेवेची अट निवृत्तिवेतनासाठी आवश्यक ठेवलेली नाही. तात्पुरत्या आजाराच्या काळात अनुच्छेद २२४ अन्वये कार्यकारी न्यायाधीश नेमता येतो.

दुय्यम न्यायालयांतील न्यायाधीश व दंडाधिकारी यांची स्थिती वेगळी आहे. अनुच्छेद २३५ अन्वये त्यांच्यावर उच्च न्यायालयाचे नियंत्रण असते. सेवानियमांनुसार वैद्यकीय मंडळाने कायमची अक्षमता प्रमाणित केल्यास त्यांना रुग्णता निवृत्तिवेतनावर निवृत्त करता येते. ही निवृत्ती शिक्षा नव्हे. म्हणूनच बडतर्फीमुळे होते तशी निवृत्तिवेतनाची हानी तीत होत नाही.

विकलांगता म्हणजे असमर्थता नव्हे, हा भेद अलीकडच्या काळात स्पष्ट झाला आहे. दृष्टिहीन व्यक्तींना केवळ त्या कारणावरून न्यायिक सेवेतून वगळता येणार नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने ३ मार्च २०२५ रोजी दिला. रोगाचे नाव वा इंद्रियाची हानी निर्णायक नसून, वाजवी सहाय्य मिळूनही पुरावा समजून घेणे, युक्तिवादाचे मूल्यमापन करणे व कारणांसहित निर्णय देणे या गोष्टी त्या व्यक्तीस शक्य आहेत किंवा नाहीत, हीच खरी कसोटी होय. तज्ज्ञ वैद्यकीय परीक्षा, न्यायाधीशास बाजू मांडण्याची संधी, निर्णयात न्यायसंस्थेचाच सहभाग आणि सन्मानाने निवृत्त होता येईल इतके निवृत्तिवेतन या चार गोष्टी जेथे एकत्र येतात, तेथे सक्तीच्या पदच्युतीचा प्रसंग क्वचितच उद्‌भवतो.