ग्लायडरचा ट्रान्सपाँडर निवडताना आधी बॅटरी बघा

एप्रिलच्या दुपारी आमच्या असोद्याच्या शेतांवरची घार बघा. पंख हलवत नाही, तरी गोल फिरत वर चढत जाते. तापलेल्या जमिनीवरून उठणारी गरम हवा तिला उचलते. ग्लायडर, म्हणजे बिनइंजिनाचं विमान, त्याच हवेवर उडतं. पुण्यात हडपसरला ग्लायडिंग सेंटर आहे आणि जवळच लोहगावचा विमानतळ. म्हणजे ग्लायडर आणि जेट एकमेकांचे शेजारीच झाले.

आता गोची अशी, की ग्लायडर बारीक, पांढरं आणि बहुतेक वेळा फायबरचं. ते डोळ्याला पटकन दिसत नाही, साध्या रडारलाही नाही. इथे ट्रान्सपाँडर लागतो. रडार १०३० मेगाहर्ट्‌झवर विचारतं, "कोण आहे?" ट्रान्सपाँडर १०९० वर उत्तर देतो. प्रवासी विमानातली टक्कर टाळणारी यंत्रणा, टीकॅस, हीसुद्धा याच उत्तरावर चालते. उत्तर आलं नाही, तर तिच्या लेखी समोर कुणीच नाही. १९९६ साली चरखी दादरीला दोन विमानं हवेत आदळून ३४९ माणसं गेली. त्यानंतर आपल्याकडे टीकॅस सक्तीचं झालं.

मोड तीन. 'ए' फक्त चार आकडी कोड सांगतो. 'सी' त्यात उंचीची भर घालतो. 'एस' शिवाय विमानाचा स्वतःचा २४ बिटांचा पत्ता देतो, आपल्या फोनच्या आयएमईआयसारखा. आज नवीन घ्यायचा तर 'एस'च घ्या. आणि "माझ्याकडे फ्लार्म आहे की" म्हणून थांबू नका. फ्लार्म दुसऱ्या फ्लार्मवाल्यालाच दिसतो, जेटच्या टीकॅसला नाही.

आता खरा मुद्दा. २८ ऑगस्ट २००६, अमेरिकेत नेवाडातलं मिंडेन. सुमारे १६ हजार फुटांवर एक बिझनेस जेट ग्लायडरला धडकलं. ग्लायडरचा पायलट पॅराशूटने उतरला, जेट चाकं न उघडता कसंबसं टेकलं. नशीब, सगळे वाचले. ग्लायडरमध्ये ट्रान्सपाँडर होता बरं का! पण रेडिओसाठी बॅटरी राखायची म्हणून पायलटने तो लावलाच नव्हता. आपण बॅटरी वाचवायला लोकेशन बंद करतो ना, तसंच.

म्हणून आधी हिशोब करा. समजा बॅटरी ७ अँपिअर-तासांची आहे. रेडिओ आणि बाकीची यंत्रं मिळून ०.६ अँपिअर खातात, ट्रान्सपाँडर ०.४. एकूण १ अँपिअर, म्हणजे कागदावर ७ तास. पण बॅटरी जुनी, वर थंडी. निम्मेच धरा, साडेतीन. उड्डाण पाच तासांचं असेल तर? मग कमी वीज खाणारा सेट घ्या, नाहीतर दुसरी बॅटरी बसवा.

बाकी दोन गोष्टी. बॉडी कार्बन फायबरची असेल तर अँटेना बाहेर, पोटाखाली हवा. कार्बन सिग्नल अडवतो. आणि सेट आपल्या पॅनेलच्या भोकात बसतो का, ते आधी मोजून घ्या.

थोडक्यात, दुकानात विचारायचा पहिला प्रश्न "केवढ्याला?" हा नाही. "शेवटच्या मिनिटापर्यंत चालू राहील ना?" हा आहे. भेटू पुढच्या भागात!