विषाणूंचा पाठ

जोतिबाच्या डोंगरावर, वाडी रत्नागिरी येथे, चैत्र पौर्णिमेस लाखो भाविक जमतात. उंच सासनकाठ्या नाचतात आणि देवळाचे दगड, पायऱ्या, माणसे सारी गुलालाने रंगून जातात. 2020 सालच्या चैत्रात मात्र डोंगर रिकामा राहिला. टाळेबंदीमुळे यात्रा भरली नाही व नारळ, खोबरे, गुलाल विकून घर चालविणाऱ्यांचा हंगाम बुडाला. जी वस्तू कोणाच्याही दृष्टीस पडली नाही तिने एवढा डोंगर कसा रिकामा केला, हा प्रश्न मुले आजही विचारतात. ‘तो एक जंतू होता’ एवढ्या उत्तराने त्यांचे समाधान होत नाही, आणि होऊही नये.

पाठाचा आरंभ गुलालानेच करावा. एका मुलाच्या तळहातास चिमूटभर गुलाल लावावा. त्याने दुसऱ्याशी, दुसऱ्याने तिसऱ्याशी हात मिळवावा. मग दाराची कडी, पाटी, पाण्याचा गडू यांपैकी कशास रंग लागला ते मुलांनीच शोधून काढावे. हा खेळ मुलांस फार आवडतो व स्पर्शाने रोग कसा पसरतो हे त्यांस सहज उमगते. परंतु पुष्कळ शिक्षक येथेच थांबतात आणि पाठ अर्धा राहतो. पाचव्या-सहाव्या हातापर्यंत गुलाल फिका होतो. रोग तसा फिका होत नाही. कारण गुलाल वाढत नाही, आणि विषाणू योग्य देहात शिरला की एकाचे हजारो होतात. दाखला जेथे लंगडा पडतो तेथेच खरा पाठ सुरू होतो.

तो वाढतो कसा? सजीवाचे शरीर पेशींचे बनलेले असते. क्षयाचा किंवा पटकीचा जंतू ही स्वतःच एक पूर्ण पेशी होय. ती अन्न घेते, वाढते, दुभंगते. विषाणूजवळ यांतील काहीच नसते. प्रथिनाचे वेष्टन व आत आनुवंशिक द्रव्याचा धागा, एवढाच त्याचा संसार. काहींवर आणखी एक चरबीचे आवरण असते. मुलांस छापखान्याचे उदाहरण द्यावे. बाहेरून एक खोटी चिठ्ठी आली आणि खिळे जुळविणाऱ्यांनी हातचे काम टाकून तीच चिठ्ठी हजारो प्रतींत छापली, तर चिठ्ठीस हातपाय नसताही तिची संख्या वाढते. पेशी हा तो छापखाना होय. छपाईत एखादे अक्षर चुकावे तसे विषाणूच्या प्रतींतही दोष राहतात, व त्यांतून क्वचित नवा प्रकार निपजतो. छापखान्याबाहेर चिठ्ठी नुसती पडून असते. म्हणून विषाणू सजीव की निर्जीव, असे एखाद्या मुलाने विचारल्यास या प्रश्नावर शास्त्रज्ञांचेही एकमत नाही, असे मोकळेपणाने सांगावे.

जंतूंवर चालणारी प्रतिजैविके विषाणूंवर का चालत नाहीत याचेही उत्तर यात आहे. त्यांतील बहुतेक औषधे जंतूच्या पेशीतील यंत्रणेवर घाव घालतात. विषाणूस ती यंत्रणाच नाही. साध्या पडशासाठी अशा गोळ्या मागणाऱ्या पालकांस हे समजावून सांगण्याचा प्रसंग शिक्षकावर वारंवार येतो.

विषाणूचा शोध माणसाच्या रोगातून लागला नाही. तो तंबाखूच्या पानातून लागला, ही गोष्ट निपाणी-जयसिंगपूरच्या टापूतील मुलांस विशेष जवळची वाटेल. पानांवर फिकट व गर्द हिरव्या ठिपक्यांची नक्षी उमटे आणि पीक खुरटे. 1892 मध्ये रशियातील इव्हानोव्हस्की यांनी रोगट पानांचा रस अशा गाळणीतून गाळला की जिच्यातून जंतू पार होत नाहीत. तरीही त्या रसाने निरोगी रोपे आजारी पडली. 1898 मध्ये हॉलंडचे बायेरिंक यांनी जंतूंहून वेगळेच असे काही येथे असल्याचे ठामपणे मांडले. 1935 मध्ये अमेरिकेतील स्टॅन्ली यांनी त्याचे मिठासाखरेसारखे स्फटिक मिळविले. हा विषाणू लहानशा दांडीच्या आकाराचा असतो. एका मिलिमीटरात अशा सुमारे 3,300 दांड्या टोकाला टोक लावून बसतील. तो वाळल्या पानातही दीर्घ काळ टिकतो. तंबाखू मळलेल्या हाताने टोमॅटोची रोपे हाताळू नयेत, हा सल्ला त्यामुळेच दिला जातो.

गूढ वाटणाऱ्या घटनेचा माग कसा काढावा याचा नमुना म्हणून माकडतापाची हकीकत सांगावी. 1957 मध्ये शिमोगा जिल्ह्यातील क्यासनूरच्या जंगलात माकडे मरून पडू लागली आणि आसपासच्या गावांत माणसांस कडक ताप येऊ लागला. आशियात कधीही न आढळलेला पीतज्वर आला की काय, अशी धास्ती निर्माण झाली. पुण्यास 1952 मध्ये स्थापन झालेल्या विषाणू संशोधन केंद्रातील शास्त्रज्ञांनी मेलेली माकडे, रोगी व रानातील गोचिडी तपासल्या आणि एक नवाच विषाणू हाती लागला. तो गोचिडीच्या चाव्याने पसरतो. माकड हे त्याचे मूळ नव्हे, तेही त्याची शिकारच. हाच ताप 2016 मध्ये सिंधुदुर्गात आढळला. रानात मेलेले माकड दिसल्यास हात न लावता आरोग्य खात्यास कळवावे, हे घाटाकडच्या शाळांनी मुलांकडून पाठ करून घ्यावे.

मात्र प्रत्येक चमत्कारामागे विषाणूच असतो, अशी मुलांची समजूत होऊ देऊ नये. 2020 च्या जून महिन्यात लोणार सरोवराचे पाणी एकाएकी गुलाबी झाले, तेव्हा तऱ्हेतऱ्हेचे तर्क झाले. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने नमुने तपासले. पाणी आटून क्षारता वाढल्यामुळे तीत रमणारे रंगीत सूक्ष्मजीव माजले होते, असे दिसून आले. पुढे पाण्याचा रंग पूर्ववत झाला.

या पाठात श्रद्धेचा विषय निघणारच. आपल्या भाषेत एका भयंकर विषाणुजन्य रोगाचे नावच ‘देवी’ असे आहे. आजीने देवीस नैवेद्य दाखविला म्हणून मुलासमोर तिची थट्टा करणे अनुचित होय. तसे केल्यास मूल आजीचा पक्ष घेते आणि पाठ वाया जातो. लस टोचून हा रोग जगातून नाहीसा करण्यात आला, 1980 मध्ये तशी घोषणा झाली, एवढे शांतपणे सांगावे.

प्रत्यक्ष निरीक्षणास भेंडी उत्तम. तिच्या पानांच्या शिरा पिवळ्या पडतात त्या रोगास शेतकरी केवडा किंवा हळद्या म्हणतात. 1924 मध्ये मुंबई इलाख्यातून त्याची पहिली नोंद झाली. हाही विषाणूच, आणि तो पांढऱ्या माशीकरवी पसरतो. शाळेच्या बागेत भेंडीचे दोन वाफे करावेत. एकावर उगवणीपासूनच दाट विणीच्या मलमलीचे आच्छादन घालावे, दुसरा उघडा ठेवावा. दर शनिवारी मुलांनी पिवळी पाने मोजून वहीत मांडावीत व पानामागच्या माश्याही पाहाव्यात. झाकलेल्या वाफ्यातही केवडा आला तर वहीतील आकडा खोडू नये. कापड कोठे फाटले आहे, ते मुलांस शोधावयास सांगावे.