क्षय, एचआयव्ही आणि पडद्यावरची शाळा

क्षयरोगाचा दवाखाना वेगळा, एचआयव्हीची औषधं (एआरटी) देणारं केंद्र वेगळं. दोन्ही आजार अंगावर घेऊन फिरणारा माणूस मात्र एकच. २००१ साली क्षय आणि एचआयव्ही या दोन्हींच्या राष्ट्रीय कार्यक्रमांचा संयुक्त आराखडा झाला, तेव्हा एचआयव्हीचं प्रमाण जास्त असलेली सहा राज्यं आधी घेतली गेली. महाराष्ट्र त्यात होता. १ एप्रिल २००४ पासून आठ सरकारी संस्थांत एआरटी मोफत मिळू लागली, मुंबईचं जे. जे. रुग्णालय त्यांपैकी एक. औषधं आली, पण खिडक्या दोनच राहिल्या आणि कर्मचाऱ्यांची प्रशिक्षणंही बहुतेक वेगवेगळी.

त्या काळचं प्रशिक्षण म्हणजे जिल्ह्याच्या गावी सभागृह, जाडजूड मॉड्यूल, त्यातले उतारे पाळीपाळीने मोठ्याने वाचायचे आणि शेवटी प्रवासभत्त्याचा फॉर्म भरायचा. दिल्लीत ठरलेली गोष्ट राज्य, जिल्हा, तालुका अशा पायऱ्या उतरत यायची आणि दर पायरीवर थोडी सांडायची. या पद्धतीला नावं ठेवणं सोपं आहे. पण जी थोडी प्रशिक्षणं एकत्र व्हायची, तिथे एक गोष्ट हमखास घडायची: क्षय विभागाचा पर्यवेक्षक आणि एचआयव्ही तपासणी केंद्रातली (आयसीटीसी) समुपदेशक शेजारी बसायचे, एकमेकांचा फोन नंबर घ्यायचे. पुढे रुग्ण एका दारातून दुसऱ्या दारात पोचायचा तो पुष्कळदा त्या नंबरामुळेच.

ही पद्धत खरी मोडली ती उपचारांचे नियम भराभर बदलू लागले तेव्हा. २०११ साली तीन मोठ्या चाचण्यांचे निष्कर्ष आले: प्रतिकारशक्तीच्या सीडी-४ पेशी ५० च्या खाली असतील तर क्षयाची औषधं सुरू केल्यावर दोन आठवड्यांच्या आत एआरटी द्या. मेंदूच्या आवरणाचा क्षय असेल तर मात्र घाई नको. २०१६-१७ च्या सुमारास एचआयव्ही असलेल्या क्षयरुग्णांसाठी आठवड्यातून तीनदाचा डोस जाऊन रोजचा आला, तोही एआरटी केंद्राच्याच खिडकीवर. गोळ्यांच्या पाकिटाआड दडलेल्या नंबरावर मिस्ड कॉल देऊन डोस नोंदवायची सोय झाली. २०१८ मध्ये चेन्नईच्या राष्ट्रीय क्षयरोग संशोधन संस्थेच्या चाचणीनेही रोजचा डोसच सरस ठरवला. तीनदाच्या डोसात रिफाम्पिसिन या क्षयावरच्या मुख्य औषधाला न जुमानणारे जंतू अधिक उद्भवत होते.

मग २०२० उजाडलं. डोल्युटेग्राविर असलेली नवी गोळी एआरटीत येत होती आणि नेमकी त्याच वेळी कोरोनाची टाळेबंदी लागली. या गोळीची एक खोड आहे. रिफाम्पिसिन यकृताला कामाला लावतं, त्यामुळे डोल्युटेग्राविर शरीरातून लवकर निघून जातं. म्हणून क्षयाचे उपचार चालू असताना बारा तासांनी ५० मिलिग्रॅमची आणखी एक गोळी द्यावी लागते, आणि रिफाम्पिसिन थांबल्यावरही ती दोन आठवडे चालू ठेवायची. ही दुसरी गोळी लिहायची राहिली तर एचआयव्हीवरचा उपचार कमकुवत पडतो, आणि रुग्णाला ते लगेच कळतही नाही. एवढी बारीक गोष्ट सभागृह बंद असताना गावोगावी पोचवायची कशी? पडद्याशिवाय इलाज नव्हता.

पडद्यावरचं शिक्षण तोवर अगदीच नवं राहिलं नव्हतं. डॉ. संजीव अरोरा यांनी २००३ साली अमेरिकेतल्या न्यू मेक्सिकोत हेपॅटायटिस-सीच्या रुग्णांसाठी ‘इको’ची पद्धत सुरू केली. पडद्यावर तज्ज्ञ मध्यभागी, दूरचे डॉक्टर भोवती. प्रत्येकाने आपला अडलेला रुग्ण नाव न सांगता मांडायचा आणि चर्चा सगळ्यांनी ऐकायची. ही पद्धत भारतातही रुजली. दुसरीकडे ‘स्वस्थ ई-गुरुकुल’सारखे ऑनलाइन अभ्यासक्रम आले. पुढे ‘निक्षय सेतू’ हे अ‍ॅप तर मराठीतही आलं, आणि ग्रामीण कर्मचाऱ्यांच्या दृष्टीने मला त्याचं मराठीत असणंच जास्त मोलाचं वाटतं.

रुग्णचर्चा आणि ऑनलाइन अभ्यासक्रम या दोन प्रकारांत माझा कौल स्पष्ट आहे. व्हिडिओ पाहा, दहा प्रश्न सोडवा, प्रमाणपत्र उतरवून घ्या, हा प्रकार लवकरच कागदी झाला. कॅमेरा बंद ठेवून, एकीकडे ‘निक्षय’ या क्षयनोंदणीच्या पोर्टलवर नोंदी भरत ‘हजर’ राहणाऱ्याला दोष तरी कसा द्यायचा? त्याची नोंदही आजच मागितलेली असते. रुग्णाची चर्चा मात्र टिकते. एआरटी सुरू होताच प्रतिकारशक्ती जागी होते आणि कधी कधी गाठी सुजतात, ताप उसळतो. रुग्णाला वाटतं, नव्या गोळ्यांनीच घात केला, आणि तो त्या सोडतो. याला आयरिस म्हणतात हे व्हिडिओ सांगतोच. पण गोळ्या सोडून घरी बसलेल्या माणसाला परत कसं आणलं, हे दुसऱ्या तालुक्यातल्या समुपदेशकाच्या तोंडून ऐकलेलं कामी येतं.

आज देशातल्या नव्वद टक्क्यांहून अधिक नोंदणीकृत क्षयरुग्णांची एचआयव्ही स्थिती माहीत असते. त्याचं सगळं श्रेय प्रशिक्षणाला देणं भाबडेपणाचं होईल. तपासणीचे संच आणि माणसं नसती तर शिकून उपयोग काय होता? म्हणून आरोग्य खात्याकडे मागणं एवढंच: किती जणांनी प्रमाणपत्र उतरवलं हे मोजणं थांबवा, किती क्षयरुग्णांना एआरटी वेळेत मिळाली ते मोजा. आणि मराठीतल्या रुग्णचर्चेसाठी आठवड्यातला एक तास कामाच्या वेळेतच धरा.